नव्या छताआडची तुळई

मित्रांनो, माना उंच करून मला शोधू नका. मी तुम्हाला दिसणार नाही. तुमच्या डोक्यावर जे पांढरेशुभ्र नवे छत आहे, ज्याच्या उद्घाटनासाठी तुम्ही इस्त्रीचे कपडे घालून बसला आहात, त्याच्या वर, अंधारात मी आहे. मी एक जुनी तुळई आहे. तुळई म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेले आडवे लाकूड. छपराचा सगळा भार तिच्यावर असतो. लोक भिंतींना रंग देतात, फरशी पुसतात, छताचे कौतुक करतात. तुळईला विचारते कोण? पण ती नसेल तर बाकीच्यांची मिजास किती वेळ टिकेल, ते तुम्हीच ठरवा.

पाहुण्यांची गाडी अजून आलेली नाही. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून घेते. जरा भरभर सांगेन. माझ्याकडे किती वेळ उरला आहे हे मला ठाऊक नाही, आणि ते तुमच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही.

मी एका डोंगरउतारावर वाढले. वाऱ्याच्या माऱ्याने माझ्या अंगाला लहानपणीच थोडा बाक आला होता. मला वाटायचे, अशा वाकड्या झाडाला कोण हात लावणार? पण ज्या मिस्त्रीने मला निवडले त्याला नेमका तो बाकच आवडला. त्याने मला तासले, रंधा मारला, अंगावर हातोडीने हलकेच ठोकून कान लावून ऐकले, आणि बाक वरच्या बाजूला येईल अशा बेताने मला भिंतींवर चढवले. "ओझं आलं की आपोआप सरळ होईल," तो म्हणाला. तसेच झाले. छपरावर कौले चढली आणि मी सुतासारखी सरळ झाले. तरी मिस्त्रीला चैन पडेना. त्याने बरोबर माझ्या मध्याखाली एक जाडजूड खांब उभा केला. खांबाचे डोके माझ्या पोटाला टेकले आणि आमची जन्माची गाठ पडली. तो मला कधी 'थकलीस का' म्हणाला नाही, मी कधी त्याचे आभार मानले नाहीत. शेजार मुरला की असेच असते.

माझे एक टोक दारावरच्या भिंतीतून वीतभर बाहेर डोकावते. त्यामुळे आतले तर मला कळतेच, पण बाहेरचे अंगणही दिसते. हे लक्षात ठेवा.

तेव्हा इथे धान्याचे गोदाम होते. पोती यायची, पोती जायची, हमाल खांबाला पाठ घासून घाम पुसायचे. मग व्यापार दुसरीकडे गेला, गोदामाला कुलूप लागले आणि बरीच वर्षे माझ्या सोबतीला फक्त उंदीर आणि पाकोळ्या होत्या. ते कुलूप ज्यांनी उघडले त्या बाई आत्ता खाली माइकच्या वायरीशी झटापट करत आहेत. तुम्ही त्यांना नुसते 'बाई' म्हणता. मोठी माणसे चिटणीसबाई म्हणतात, कारण आपल्या मंडळाच्या त्या चिटणीस. तेव्हा त्या तरुण होत्या आणि शाळेत शिकवायच्या. ज्या मुलांना घरी अभ्यासाला जागा नाही, ज्या म्हाताऱ्यांना दिवसभर बोलायला माणूस नाही, ज्या बायकांना हाताला काम हवे आहे, त्यांच्यासाठी गावात एक जागा असावी, एवढेच त्यांच्या मनात होते. बाह्या सरसावून त्यांनी स्वतः इथली धूळ काढली. सोबत त्यांचे वडील होते. ते पेशाने शिंपी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी घरचे शिलाई मशीन खांबाशेजारी मांडले, खांबाला पाठ टेकली आणि शिवणवर्ग सुरू झाला.

तेच अण्णा आजही तिथेच बसले आहेत, बरोबर माझ्या मध्याखाली. फक्त त्यांच्या पाठीमागे आता खांब नाही. तो कुठे गेला ते सांगते.

मंडळ चालवायचे तर पैसा लागतो, आणि असल्या मंडळांच्या हाताशी पैसा कधीच नसतो. म्हणून देणगी देणारे निधी असतात. अधूनमधून त्यांची सूचना निघते: स्थानिक संस्था व गटांकडून अर्ज मागवण्यात येत आहेत. बाई ती सूचना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि त्या दिवशी हॉलचा नूरच पालटायचा. काय मागायचे यावर चर्चा व्हायची, रुसवेफुगवे व्हायचे, म्हातारीकोतारीही मुलांसारखी मोठ्याने बोलायची. पहिला अर्ज शिलाई मशिनांचा होता. तो मंजूर झाला तेव्हा अण्णा मापाची टेप गळ्यात टाकून अंगणात फिरले. "या रे, अख्ख्या गावाची मापं घेतो!" असे म्हणत त्यांनी एका कुत्र्याचेही माप घेतले.

मशिने आली आणि त्यांच्याबरोबर एक पितळी पाटी आली: अमुक निधीच्या सौजन्याने. नामफलक दर्शनी भागात लावावा, अशी अट होती. दारातून आत शिरताच समोर दिसते कोण? मी. भोक पाडायच्या गिरमिटाने माझ्या अंगात चार भोके पडली आणि पाटी बसली. दुखले, पण खरे सांगते, मी मोहरून गेले. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे मान वर करून बघत होते, मग ते पाटी वाचायला का असेना.

पुढे चटकच लागली. पंखे आले, पाटी आली. पुस्तकांची कपाटे आली, पाटी आली. ध्वनिक्षेपक, संगणक, टीव्ही, प्रत्येकाच्या मागोमाग पाटी. प्रत्येक पाटीला चार भोके, आणि प्रत्येक पाटी माझ्या मध्यावरच, कारण फोटो तिथे चांगला येतो. अहवालाला फोटो जोडावा लागतो ना.

पण मित्रांनो, एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. नवे मशीन मिळायचे, जुन्या मशीनचा पट्टा मिळायचा नाही. पट्ट्यासाठी अर्ज केला की उत्तर ठरलेले: देखभाल व दुरुस्ती योजनेत बसत नाही. एका पट्ट्यापायी चांगले मशीन बंद पडायचे, आणि मग बंद मशिनांच्या जागी नवी मशिने मागणारा अर्ज जायचा. तो मात्र झटक्यात मंजूर! बरे, बंद पडलेले सामान टाकून द्यावे तर तेही चालत नव्हते. देणगीची वस्तू विकायची नाही, मोडीत काढायची नाही, पाहणीला माणूस आला की ती दाखवता आली पाहिजे. मग ठेवायची कुठे? माझ्या अंगावर फळ्या टाकून माळा केला आणि एकेक वस्तू वर चढू लागली. लोखंडी मशिने चढली, पंखे चढले, डबड्यासारखे जाडे टीव्ही चढले, एक अख्खे कपाट चढले. चढलेले पुन्हा कधी उतरले नाही. बाहेरून येणाऱ्याला आपले मंडळ भरभराटलेले दिसत होते. ती भरभराट मला पाठीवर जाणवत होती. खांब होता म्हणून निभावले.

मग एका मोठ्या निधीची सूचना आली. बहुउद्देशीय सभागृह करायचे, त्यात मोठा पडदा, प्रोजेक्टर, ओळीने खुर्च्या. पाहणीला एक साहेब आले. तुम्ही मुलांनी त्यांचे नाव निधीसाहेब ठेवलेत, तेच आज येणार आहेत. माणूस वाईट नाही. त्यांनी म्हाताऱ्यांची विचारपूस केली, तुमच्या चित्रांपुढे खरोखर वेळ काढून उभे राहिले. शेवटच्या रांगेच्या जागी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "सगळं छान आहे हो बाई, फक्त हा खांब मध्ये येतो. मागच्यांना पडदा दिसायचा नाही. मोकळी जागा ही योजनेची अट आहे."

"काढून टाकू की," बाई म्हणाल्या. एखादी खुर्ची बाजूला सारायची असावी, इतक्या सहज.

अण्णांनी तेवढे विचारले, "मग मी टेकू कुठं?" त्यावर सगळे हसले.

गवंड्याने एका दुपारीत खांब कापून नेला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, कारण पळापळी खेळायला जागा झाली. मी मात्र इतकी वर्षे ज्याच्या भरवशावर निवांत पडून होते, त्याच्या जागी माझ्या पोटाला आता नुसती हवा लागत होती. अण्णांनी हट्टाने आपली खुर्ची खांबाच्याच जागी मांडली. "खांब गेला, जागा कुठं गेली?" असे म्हणून ते बसले ते बसलेच.

मिस्त्रीने मोठ्या हौसेने वर ठेवलेला माझा बाक आता खालच्या बाजूला उतरू लागला. लाकूड एका दिवसात मोडत नाही. ते आधी कुरकुरते, मग धूळ सोडते, मग चिरते. माझी चीर पहिल्या पाटीच्या भोकापाशी सुरू झाली. तिथून दुसऱ्या भोकाकडे, तिथून तिसऱ्या. भोके जवळजवळ होती, तिला फारसे श्रम पडले नाहीत. त्या दिवसांत तुमच्या वह्यांवर बारीक पिवळी भुकटी पडायची, आठवते? तुम्ही फुंकर मारून उडवून टाकायचात. ती मी होते.

एक पंखा डुगडुगतो म्हणून सुताराला बोलावले. तो शिडीवर चढला आणि वरच थांबला. त्याने माझ्या चिरेत नख घातले. नख सहज आत गेले. खाली उतरून त्याने बाईंना कोपऱ्यात नेले.

"बाई, पंख्याला काही झालं नाही. तुळई गेलीय."

"गेलीय म्हणजे?"

"म्हणजे बदलावी लागणार. तोवर माळा रिकामा करा आणि मध्ये टेकू द्या. आजच्या आज."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "माळा कसा रिकामा करू? सगळं देणगीचं सामान आहे, हलवायलासुद्धा परवानगी लागते. आणि टेकू दिसला की पाहणीत धोकादायक इमारत म्हणून लिहितील. हॉलला टाळं लागेल. मग ही सगळी जातील कुठं?"

"ते मला नाही ठाऊक. मी सांगितलं बरं का. उद्या माझ्या नावानं खडे फोडू नका."

मला बाईंचा राग आला नाही. आजही येत नाही, भीती मात्र वाटते. हातावर हात ठेवून त्या बसल्या नाहीत. तुळईसाठी त्यांनी इतके अर्ज लिहिले की लिहून लिहून त्यांचे मनगट सुजले. सगळीकडून तेच उत्तर: दुरुस्ती योजनेत बसत नाही. शेवटी त्यांनी निधीसाहेबांना फोन लावला. हॉलमध्ये कोणी नव्हते, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला होता.

"बाई, तुळई म्हणजे दुरुस्ती झाली हो," साहेब म्हणाले. "काहीतरी नवीन दाखवा. नवीन असेल तर मी स्वतः शिफारस करतो."

"तुळईसुद्धा नवीनच घालणार ना, साहेब?"

"पण ती दिसणार कुठं? फोटोत काय दाखवायचं आम्ही?"

फोन बंद झाल्यावर बाई बराच वेळ वर माझ्याकडे पाहत बसल्या. मग त्यांच्या डोक्यात एक युक्ती आली, आणि मित्रांनो, त्या युक्तीखालीच तुम्ही आत्ता बसला आहात. त्यांनी नव्या सुशोभित छताचा अर्ज केला. छताचे काम निघाले की त्यातच तुळईही बदलून घेऊ, असा त्यांचा बेत होता. अर्ज मंजूर झाला, पण नेमकी तिथे माशी शिंकली. मंजुरी बाबवार आली. छताचे चौकोन, पट्ट्या, तारा, दिवे, रंग. मंजूर बाबींखेरीज अन्य खर्च मान्य होणार नाही. तुळईचे नाव कुठेच नव्हते.

तोच सुतार पुन्हा आला. सामान उतरवून त्याने विचारले, "बाई, हे छत टांगायचं कशाला?"

बाईंनी वर माझ्याकडे पाहिले.

"हिलाच ना?"

"सध्या टांगा," बाई हळूच म्हणाल्या. "आता नको म्हटलं तर निधी परत जाईल, पुन्हा कोणी आपल्याला दारात उभं करायचं नाही. पुढच्या अर्जात मी तुळईचं बसवते काहीतरी."

सुतार माझ्याकडे बघत राहिला. घर त्यालाही चालवायचे होते. त्याने गिरमिट काढले. जुन्या पाट्या उतरवून भिंतीवर लावल्या; पाट्या भिंतीला मिळाल्या, भोके मला राहिली. त्यांच्या जोडीला तारांसाठी नवी भोके पडली आणि नवे छत माझ्या पोटाला लोंबकळले. शेवटचा चौकोन बसला तेव्हा मला हॉल दिसेनासा झाला. मधला एक दिवा अजून यायचा आहे, त्याच्यासाठी ठेवलेल्या गोल भोकातून थोडे दिसते. त्या भोकाखाली अण्णांचे टक्कल आहे.

त्या दिवसापासून बाईंनी तुमचा अभ्यास भिंतीकडेला हलवला. "मध्ये बसू नका, पंख्याचा वारा बाधतो," त्या म्हणायच्या. पंख्याला त्यांनी असे फुकट बदनाम केले. अण्णांना त्या रोज विनवायच्या, "तुम्ही खिडकीशी बसा ना." अण्णा ऐकायचे नाहीत, आणि खरे कारण सांगायची सोय नव्हती. अण्णांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुम्हीही जाणता. बाईंना रात्री झोप लागत नसावी. त्यांच्या डोळ्यांखाली काळे पडले आहे ते मला अंगणाकडच्या टोकावरूनही दिसते, घरच्यांना दिसते की नाही कोण जाणे.

गाडी आली बघा. आलेच निधीसाहेब, बरोबर त्यांचा फोटोवाला. आज हॉल भरलेला दिसला पाहिजे, म्हणून सगळ्यांना बोलावले आहे. तुम्ही, तुमच्या आया, शिवणवर्गाच्या बायका, सगळी म्हातारी मंडळी. भिंतीकडेला जागा पुरली नाही, त्यामुळे आज तुम्ही मध्येही बसला आहात. 'जरा कडेला' एवढेच बाई म्हणाल्या आणि साहेबांना सामोऱ्या गेल्या. साहेब स्थानापन्न झाले. छताकडे पाहून म्हणाले, "वा, काय उजेड पडलाय!"

तुमचे स्वागतगीत सुरू झाले आणि मला पहिला झटका बसला. कट्, असा कोरडा आवाज. तुमच्यातल्या काहींनी वर पाहिले. साहेबांनीही पाहिले. "कसला आवाज हो?"

बाई माइकवर होत्या. "नवं छत आहे साहेब, जागेवर बसतंय," त्या हसून म्हणाल्या. बाकीचे हसले. तुमचे गाणे पुढे चालू झाले. मी जीव मुठीत धरून होते. चीर शेवटच्या पाटीच्या भोकापर्यंत पोहोचली होती आणि तिच्यापुढे आता नुसते लाकूड होते, तेही थोडे.

मग दिव्याच्या भोकातून माझी भुकटी खाली गेली. चिमूटभर नव्हे, चांगली ओंजळभर. ती अण्णांच्या टकलावर, चष्म्यावर, खांद्यावर पडली. अण्णांनी ती झटकली आणि म्हणाले, "कोण रे वर पीठ चाळतंय?" एकच हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण माइकमधून त्यांचा श्वास ऐकू आला. तो अडकला आणि बराच वेळ सुटला नाही.

"फोटो!" बाई एकदम म्हणाल्या. "आधी फोटो काढू या. बाहेर, अंगणात. सगळे चला."

"बाई, आत उजेड चांगला आहे," फोटोवाला म्हणाला.

"बाहेर. सगळे. आत्ता."

"अहो, फीत तरी कापू द्या," साहेब म्हणाले.

"फीत बाहेर कापू." बाईंनी फीत दोन्ही टोकांनी सोडवून साहेबांच्या हातात कोंबली.

फोटो म्हटले की तुम्ही मुले कशी धावता ते मला पाठ आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या फोटोंचे मनापासून आभार मानले. दप्तरे तशीच टाकून तुम्ही पळालात. बायका निघाल्या, म्हातारी मंडळी काठ्या शोधत, एकमेकांना सावरत निघाली. किती सावकाश! मी तोंडातून हूं की चूं केले नाही. माझ्या प्रत्येक धाग्याला मी दटावत होते, थांब, अजून थांब.

हॉल रिकामा झाला. राहिले फक्त अण्णा.

बाई परत आल्या. "अण्णा, चला ना."

"मला कशाला फोटो? माझा आता भिंतीवर लागायचा तेवढा राहिलाय," अण्णा म्हणाले. "तुम्ही काढा. मी इथंच बरा."

बाई त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसल्या आणि त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "अण्णा, तुळई मोडतेय."

अण्णांनी वर पाहिले. त्या गोल भोकातून आमची नजरानजर झाली. मग त्यांनी लेकीकडे पाहिले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"बरेच दिवस."

"आणि पोरं इथं बसत होती?"

ज्यांना उठवायला दोन माणसे लागतात ते अण्णा स्वतः उठले, लेकीचा हात न धरता दाराकडे चालू लागले. बाई दोन पावले मागून चालत होत्या. त्यांना रडू फुटले होते. मित्रांनो, मी पुष्कळ ओझी पेलली आहेत, पण ते दोघे उंबरठ्याबाहेर पडेपर्यंतचा वेळ जेवढा जड गेला तेवढे काहीच जड गेले नव्हते.

आता माझ्या बाहेरच्या टोकाने मला तुम्ही सगळे दिसत आहात. साहेबांनी फीत कापली. कुठे बांधायची ते न कळल्यामुळे ती तुमच्यातल्या दोघांनी धरली होती. टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "चला, आता आत. चहा गार होतोय. शिवाय पाटीचं अनावरण राहिलंय."

बाईंनी दार ओढून घेतले आणि कुलूप घातले. भरदिवसा, भरल्या कार्यक्रमात.

"साहेब, आत कोणी जायचं नाही. तुळई मोडलीय. मला माहीत होतं."

साहेबांच्या हातातली कात्री तशीच राहिली. "पण बाई, अहवालात तर असं काहीच…"

"अहवालात छत आहे, साहेब. तुळई कुठंच नाही."

साहेबांनी आत्ता पहिल्यांदा दारावरच्या या माझ्या टोकाकडे पाहिले. बाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली आहे. हे मंडळ आता राहील की नाही, त्यांना पुन्हा कोणी काही देईल की नाही, मला सांगता येत नाही. मला एवढेच कळते की आज त्यांनी माझे नाव मोठ्याने घेतले.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी मोठे व्हाल. कोणी देणगी द्याल, कोणी मागाल. नवी वस्तू देताना ती कशाच्या आधारावर उभी राहणार आहे, तेही एकदा विचारा. जे फोटोत येत नाही त्याच्याकडेही अधूनमधून मान वर करून पाहा. पट्टा तुटला तर पट्टा द्या. खांब मध्ये येत असेल तर खुर्च्या हलवा.

आणि आता माझे ऐका. ए निळ्या सदऱ्याच्या, दप्तरासाठी खिडकीवर चढू नकोस! उतर. शाबास, अण्णांनी काठी आपटली ते बरे केले. दप्तरे राहू देत. खाऊचे डबे राहू देत. माळ्यावरची मशिने सरकू लागली आहेत, त्यांचा आवाज तुम्हाला येतो आहे ना? येतच असणार, कारण तुम्ही एकदम गप्प झाला आहात.

फोटोवाला मघाशी म्हणत होता, सगळे फोटोत बसायला हवेत, जरा मागे सरा. आता तो कॅमेरा खाली करून नुसता बघतो आहे. मित्रांनो, त्याने सांगितले तसे करा. मागे सरा. अण्णांना घ्या, बाईंना घ्या, आणि आणखी थोडे मागे सरा.